दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या मोटारसायकलीचे पुनरुज्जीवन

यंत्र चालविल्याने झिजते, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. यंत्र नुसते उभे ठेवल्यानेही त्याचा नाश होतो, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. झीज ही क्रमाक्रमाने होते आणि आवाजावरून, धुरावरून किंवा मंदावलेल्या वेगावरून ती आपली सूचना देत असते. उभ्या यंत्रातील नाश मूक असतो. तो बंद आवरणाच्या आत चालतो आणि यंत्र पुन्हा सुरू करण्याच्या क्षणापर्यंत त्याची कल्पना येत नाही. म्हणूनच अनेक वर्षे पडवीत किंवा गोठ्यात पडून राहिलेली मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणणे हे काम नेहमीच्या दुरुस्तीहून वेगळे मानावयास हवे. नेहमीच्या दुरुस्तीत बिघाड कोठे आहे हे यंत्रच सांगते. येथे तो आपण होऊन शोधावा लागतो, आणि तोही यंत्र सुरू न करता.

प्रस्तुत प्रकरणात विवेचनासाठी जावा २५० ही मोटारसायकल घेतली आहे. झेकोस्लोव्हाकियात १९२९ साली फ्रांतिशेक यानेचेक यांनी वान्डरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क विकत घेतले आणि दोन्ही नावांची आरंभीची अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव सिद्ध केले. भारतात म्हैसूर येथील आयडियल जावा या कारखान्यात १९६१ पासून ही गाडी तयार होऊ लागली. १९७३ पासून तिची पुढची रूपे ‘येझदी’ या नावाने विकली गेली आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. मधल्या पस्तीस वर्षांत दूधवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत नाना प्रकारच्या लोकांनी ती वापरली. त्यामुळे आजही देशातील असंख्य घरांच्या मागील बाजूस एखादी जावा ताडपत्रीखाली झाकलेली आढळते. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे पुन्हा बाजारात आली. परंतु त्या गाड्यांची एंजिने सर्वस्वी निराळ्या जातीची असल्यामुळे त्यांचे सुटे भाग जुन्या गाडीला उपयोगी पडत नाहीत.

समजा, १९६८ सालची अशी एक जावा पंचवीस वर्षे उभी आहे. मालक आता हयात नाहीत आणि मुलाला ती चालू करावयाची आहे. अशा प्रसंगी बहुधा काय घडते? बैठक पुसली जाते, चाकांत हवा भरली जाते, टाकीत अर्धा लिटर पेट्रोल ओतले जाते आणि घरातील सर्वांत दणकट मनुष्य किकवर उभा राहतो. या दहा मिनिटांत जे नुकसान होऊ शकते ते मागील पंचवीस वर्षांतही झालेले नसते. मूळ कारखान्यात बनलेले जे भाग आज कोठेही नव्याने बनत नाहीत, ते बरोबर याच वेळी फुटतात. प्रस्तुत विवेचनाचा सारा रोख या दहा मिनिटांवर आहे.

कारण समजण्यासाठी या एंजिनाची रचना थोडक्यात पाहिली पाहिजे. हे दोन धावांचे एंजिन होय. (मराठी परिभाषेत स्ट्रोकला ‘धाव’ आणि पिस्टनला ‘दट्ट्या’ म्हणतात. कारागीर मात्र ‘टू-स्ट्रोक’ आणि ‘पिस्टन’च म्हणतो आणि त्याच्याशी बोलताना आपणही तेच शब्द वापरणे शहाणपणाचे.) सिलिंडरचा व्यास ६५ मि.मी., दट्ट्याची धाव ७५ मि.मी. आणि घनफळ सुमारे २५० घ.सें.मी. त्याला चार धावांच्या एंजिनासारख्या झडपा नाहीत. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्यांसारखी द्वारे असतात आणि वरखाली जाणारा दट्ट्याच ती उघडतो व मिटतो. इंधन आणि हवा यांचे मिश्रण प्रथम दट्ट्याखालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, ओढले जाते आणि दट्ट्या खाली येताना तेथून दाबले जाऊन वरच्या ज्वलनकक्षात चढते. अर्थात क्रँककेस ही येथे नुसती पेटी नसून तो एक पंप आहे. या पंपात तेलाचा साठा नसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच क्रँकची बेअरिंगे आणि सिलिंडरची भिंत यांना वंगण पुरविते.

या रचनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की गाडी बंद झाली म्हणजे बेअरिंगांवर तेलाचा जो पातळसा लेप उरेल तेवढेच त्यांचे संरक्षण. चार धावांच्या एंजिनात तळाशी निदान लिटर-दोन लिटर तेल असते; येथे काही नसते. दुसरी अशी की पंप कामास येण्यासाठी क्रँककेस हवाबंद असली पाहिजे. क्रँकचा दांडा दोन्ही बाजूंनी पेटीबाहेर येतो. डाव्या बाजूस तो प्राथमिक साखळी व क्लच यांच्या तेलाने भरलेल्या कप्प्यात जातो, तर उजव्या बाजूस त्यावर डायनमो बसविलेला असतो. या दोन ठिकाणी हवा अडविण्याचे काम रबराच्या दोन कड्या करतात. त्यांना ऑइल सील म्हणतात. किंमत थोडी, आकार बांगडीएवढा, आणि तरी साऱ्या एंजिनाचे आरोग्य त्यांवर अवलंबून! त्यांच्याकडे आपणास पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

उभ्या गाडीचे खरे शत्रू दोन: हवेतील ओल आणि जुने पेट्रोल. मारवाडात किंवा लडाखात ठेवलेली गाडी वीस वर्षांनंतरही बऱ्या स्थितीत सापडते. कोकणात, केरळात किंवा कोलकात्यात पाच पावसाळे पुरतात. दिवसा तापून आणि रात्री निवून एंजिन जणू श्वासोच्छ्वास करते. बाहेरची दमट हवा आत येते, तिच्यातील पाणी थंड धातूवर जमते आणि क्रँककेसच्या तळाशी उतरते. येथे एक योगायोगाची गोष्ट महत्त्वाची ठरते. गाडी शेवटची बंद झाली त्या क्षणी दट्ट्या कोठे थांबला? तो खाली थांबला असेल तर धूर बाहेर टाकणारे द्वार उघडे राहते आणि सायलेन्सरमधून दमट हवा थेट सिलिंडरमध्ये येते. वर थांबला असेल तर सिलिंडरची भिंत पुष्कळ अंशी सुरक्षित राहते. एकाच गोदामात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांपैकी एक सहज फिरते आणि दुसरी घट्ट धरते, त्याचे कारण बरेच वेळा एवढेच असते.

हत्यारांना हात लावण्यापूर्वी मात्र कागदपत्रे पाहावीत. हा सल्ला रूक्ष वाटेल; तथापि सहा महिने खपून आणि बरीच रक्कम खर्चून उभी केलेली गाडी कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही असे शेवटी आढळणे अधिक दुःखदायक. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि त्यानंतर, वाहन तपासणीस उतरल्यास, पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. मालक निवर्तले असल्यास प्रथम वारसाच्या नावे हस्तांतर करावे लागते. प्रथम नोंदणीस पन्नास वर्षे उलटली असतील आणि गाडी मूळ स्वरूपात असेल, तर २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे तिची ‘व्हिंटेज’ वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. परंतु अशा नोंदणीची गाडी प्रदर्शने, मेळावे इत्यादी कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास ती मुभा नाही. कोणता मार्ग पत्करावयाचा हे आधी ठरवावे. एंजिनावरील व सांगाड्यावरील क्रमांक नोंदपुस्तकाशी ताडून पाहावेत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि रंगाऱ्याच्या घासणीखाली ते जाऊ नयेत याची काळजी घ्यावी. घासून पुसट झालेला क्रमांक संशयास कारण होतो.

आता एंजिन. स्पार्क प्लग काढावा आणि विजेरीच्या उजेडात भोकातून आत पाहावे. दट्ट्याचा माथा कोरडा व करडा दिसला तर आशा धरावी. तांबूस भुकटी दिसली तर सावध व्हावे. पाहून झाल्यावर त्या भोकातून सिलिंडरमध्ये पाव कपभर पातळ तेल सोडावे. डिझेल आणि गिअर तेल समप्रमाणात मिसळले तरी चालते. मग गाडी चोवीस तास तशीच ठेवावी. घाई न करणे हे येथे तंत्रच आहे. दुसऱ्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकावी आणि मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलवून पाहावे. किक मारू नये. किकच्या दांड्याची तरफ मोठी असते आणि तिच्यावर पडणारा मनुष्यभार एंजिन ‘ऐकत नाही’ हे कळण्याच्या आतच काम बिघडवून बसतो. चाकाने प्रयत्न केला तर प्रतिकार हाताला जाणवतो आणि आपण वेळीच थांबू शकतो. या गाडीत गिअरचा दांडाच आत दाबून किक म्हणून वापरला जातो, ही तिची एक खासियत. त्यामुळे दांड्यावर केलेली जबरदस्ती गिअरपेटीच्या अंतर्भागालाही भोवते, हे लक्षात ठेवावे.

चाक फिरते पण दट्ट्या हलत नाही, असेही कधी दिसते. याचा अर्थ क्लच सरकत आहे. उलट, क्लच दाबूनही चाक आणि एंजिन एकमेकांना सोडत नसतील तर क्लचच्या तबकड्या जुन्या तेलाने परस्परांना चिकटल्या आहेत असे समजावे. यात भिण्यासारखे काही नाही. आवरण काढून तबकड्या सुट्या करून धुतल्या की काम भागते.

दट्ट्या मुळीच हलत नसेल तर आठवडा-पंधरवडा तेल मुरू द्यावे, रोज थोडे थोडे घालावे आणि रोज एकदाच प्रयत्न करावा. एवढ्यानेही यश न आल्यास सिलिंडरचे डोके उतरवावे. दट्ट्याच्या माथ्यावर हातोडा मारणारे कारागीर अजून भेटतात. त्यांच्या हाती गाडी देऊ नये. दट्ट्या अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. प्रत्यक्ष धरून बसलेल्या असतात त्या दट्ट्याच्या खाचांतील ओतीव लोखंडाच्या ठिसूळ कड्या. त्या गंजून भिंतीला चिकटतात. जोर केल्यास कडी तुटते, तिचा तुकडा एखाद्या द्वारात अडकतो आणि भिंतीवर खोल चरा पडतो. मग सिलिंडर आतून कापून मोठा करण्यावाचून मार्ग उरत नाही. मूळ मापाच्या सिलिंडरपासून मोठ्या मापाचे दट्टे पाव-पाव मि.मी.च्या पायऱ्यांनी येतात आणि अशा पायऱ्या मोजक्याच असतात. प्रत्येक कापणीत सिलिंडरचे आयुष्य एका पायरीने घटते. हातोड्याच्या एका घावाने ती पायरी गमावणे हे निव्वळ अविचाराचे काम होय.

सिलिंडर वर ओढून काढल्यावर कनेक्टिंग रॉड हाती येतो. तो वर-खाली ओढून पाहावा. या दिशेने जाणवेल इतकीही हालचाल असता कामा नये. बाजूंना होणारी थोडी हालचाल मात्र रचनेचाच भाग असून तीवरून घाबरून जाण्याचे कारण नाही. या दोहोंतील भेद न कळल्यामुळे धड असलेले क्रँक उगाच उघडले जातात, आणि उघडावयाचे ते तसेच राहतात. नंतर क्रँक हाताने सावकाश फिरवावा आणि कान लावून ऐकावे. बेअरिंगचा स्पर्श लोण्यासारखा असला पाहिजे. वाळूची खरखर जाणवली तर तळाशी साचलेल्या पाण्याने आपले काम केले आहे, असे समजावे. बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे टिंबाएवढे खड्डे पडले म्हणजे ते कितीही धुतले तरी भरून येत नाहीत. अशी बेअरिंगे काही काळ चालतात, गुरगुरतात आणि मग घराबाहेर दूर कोठेतरी दगा देतात.

बेअरिंग बदलणे म्हणजे क्रँककेस दुभंगणे. येथे खरा कारागीर हवा. क्लच आणि साखळीचे दातेरी चाक दांड्यावरून उतरविण्यास ठरावीक ओढणी लागते. पहारीने उचकटल्यास दांडा वाकतो. क्रँकची खालची पिन व तिच्या रोलरांचा संच बदलावयाचा असल्यास दोन्ही चक्रे दाबयंत्रावर अलग करून पुन्हा जोडावी लागतात आणि जोडल्यावर दांडा दोन केंद्रांमध्ये फिरवून डायल गेजने तपासावा लागतो. दोन-तीन शतांश मि.मी.पेक्षा अधिक ‘आउट’ असलेला क्रँक हँडलला थरथर देतो आणि नवी बेअरिंगेही लवकर खातो. सुदैवाने बेअरिंगांच्या बाबतीत कंपनी बंद पडल्याची अडचण फारशी जाणवत नाही. त्यांचे क्रमांक साऱ्या जगात एकच असतात. उदाहरणार्थ, ६२०४ असा क्रमांक कोरलेले बेअरिंग कोठलेही असो, त्याचे आतील माप २० मि.मी., बाहेरील ४७ मि.मी. आणि जाडी १४ मि.मी. असावयाचीच. तेव्हा ‘जावाचे बेअरिंग’ मागण्याऐवजी जुन्यावरील क्रमांक उतरवून बेअरिंगच्या दुकानात जावे. माल चांगला मिळतो. सीलच्या बाबतीतही आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी ही तीन मापे पाहावीत.

आणि आता ते सील. रबर जुने झाले की कडक होते. चालत्या गाडीत तेलाने आणि उष्णतेने त्याची ओठासारखी कड दांड्यावर लवचीकपणे टेकून राहते. वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून राहिलेली कड तिथेच आकार धरते आणि काचेसारखी होते. डावे सील असे झाले तर क्रँककेसचा पंप शेजारच्या कप्प्यातील तेल आत ओढू लागतो. सायलेन्सरमधून न संपणारा दाट पांढुरका धूर येतो, प्लग ओला होतो आणि गिअर तेलाची पातळी घटत जाते. हा बिघाड डोळ्यांना दिसतो, म्हणून तो त्यातल्या त्यात सज्जन. उजवे सील गेले तर मात्र धूर येत नाही. डायनमोच्या बाजूने कोरडी हवा आत शिरते. मिश्रणात इंधनाचे आणि त्याबरोबर तेलाचेही प्रमाण कमी पडते. गाडी कमी वेगात उगाच भरारते, किंबहुना पहिल्या दिवशी ती फार ‘मोकळी’ धावते म्हणून मालक खूश होतो. अशातच एखाद्या लांब चढावर दट्ट्या प्रमाणाबाहेर तापतो, बिडाच्या सिलिंडरपेक्षा अधिक फुगतो आणि भिंतीला धरतो. मागचे चाक क्षणात थांबते. कारागीर याला ‘सीझ’ म्हणतात. एकेरी रस्त्यावर, मागून मालमोटार येत असता, ही घटना नुसत्या यंत्राच्या नुकसानीची राहत नाही.

म्हणून माझे मत असे की दहा-पंधरा वर्षांहून अधिक उभ्या राहिलेल्या दोन धावांच्या एंजिनात दोन्ही सील न बदलता ते सुरूच करू नये. शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. कार्ब्युरेटरची आणि धूर बाहेर टाकण्याची द्वारे रबराच्या पट्ट्या व चकत्या लावून बंद करावीत, प्लगच्या भोकात नळी घट्ट बसवावी आणि तिला रक्तदाब मोजण्याच्या साधनाचा फुगा व दर्शक जोडावा. पाऱ्याचा २५० मि.मी. इतका दाब भरून थांबावे. चांगल्या एंजिनात काटा मिनिटभर जवळपास तिथेच राहतो. सील गेलेल्या एंजिनात डोळ्यांदेखत खाली येतो. साबणाचे पाणी लावल्यास बुडबुड्यांवरून गळतीची जागाही कळते. दवाखान्यातील हे साधन गॅरेजात इतके उपयोगी पडावे, याची मला स्वतःला मौज वाटते.

इंधनव्यवस्थेतील काम तुलनेने सरळ आहे, पण घाणेरडे. जुने पेट्रोल उडून जाते आणि मागे वार्निशासारखा चिकट थर ठेवते. टाकीतील गंजासाठी लिंबाच्या सत्त्वाचे कोमट पाणी भरून दोन दिवस ठेवावे, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच वाळवून, आतून तेलाचा हात फिरवावा. वाळवण्यात अर्ध्या तासाची हयगय झाली तरी नवा गंज धरू लागतो. टाकीला भोक असल्यास झाळकाम करणाऱ्याकडे ती तशीच नेऊ नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. कार्ब्युरेटरमधील जेटची सूक्ष्म भोके तारेने टोचून मोकळी करू नयेत. पितळ मऊ असते. भोक किंचित मोठे झाले तरी मिश्रणाचे माप बिघडते. द्रावणात भिजवून हवेचा झोत मारावा.

पेट्रोलविषयी आणखी एक गोष्ट. ही गाडी जेव्हा बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हते. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ पर्यंत ते देशात सर्वत्र रूढ झाले. इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या, पेट्रोल कॉकमधील चकत्या यांना मऊ करते, टाकीतील जुना थर सोडवून कार्ब्युरेटरमध्ये आणते आणि हवेतील पाणी शोषून घेते. शिवाय त्यात प्राणवायू असल्यामुळे त्याच जेटमधून मिळणारे मिश्रण थोडे विरळ पडते, आणि विरळ मिश्रण म्हणजे काय ते वर आलेच आहे. तेव्हा नळ्या व चकत्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात आणि प्लगचा रंग फिकट दिसल्यास जेट एका मापाने वाढवावा. गाडी पुन्हा महिनोन्‌महिने उभी करावयाची असल्यास टाकी व कार्ब्युरेटर दोन्ही रिकामी करावीत.

विजेच्या बाबतीत फार लिहिण्याची गरज नाही. यंत्रणा सहा व्होल्टची. तारांवरील आवरण वाकविले असता तडकत असेल तर संपूर्ण तारजाळ नवे करावे. तुकडे जोडीत बसू नये. पॉइंटांवर चढलेला पातळ पापुद्रा ठिणगी अडवितो; तो बारीक कागदाने काढून फट सुमारे ०.४ मि.मी. ठेवावी. कंडेन्सर जुना असल्यास न तपासता बदलावा. डायनमो फार काळ स्वस्थ राहिला की त्याच्या लोखंडातील अवशिष्ट चुंबकत्व जाते आणि तो निर्दोष असूनही वीज देत नाही. जाणता इलेक्ट्रिशियन बॅटरीने क्षेत्रवेटोळ्याला क्षणभर प्रवाह देऊन ते परत आणतो. चांगला डायनमो ‘जळाला’ म्हणून टाकून देण्यापूर्वी एवढे करून पाहावे.

ब्रेक आणि टायर यांबाबत काटकसर नको. टायरची नक्षी कोरी असली तरी वीस वर्षांचे रबर हे रबर राहिलेले नसते. ब्रेकचे ड्रम उघडताना आतील धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. चाकांतील व हँडलमधील ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. ते काढून नवे भरावे. तारांपैकी ज्या सहज सरकत नाहीत त्या बदलाव्यात.

रंग शेवटी. बहुतेक मालक येथून आरंभ करतात, आणि म्हणून शेवटापर्यंत पोहोचत नाहीत. या गाडीचा गडद तांबडा रंग व टाकीवरील क्रोम ही तिची ओळख होय. तीस-चाळीस वर्षांच्या वापराने तो रंग जेथे फिका झाला असेल तेथे तो फिकाच राहू द्यावा, असे मला वाटते. गुडघे लागून टाकीवर उमटलेली खूण नव्या रंगाने जाते आणि पुन्हा आणता येत नाही. पत्रा सडला असेल तर गोष्ट वेगळी.

हे सर्व झाल्यावर एंजिन सुरू करावे; तेही उघड्यावर, वाळूची बादली जवळ ठेवून. प्रारंभी वीस भाग पेट्रोलला एक भाग तेल, म्हणजे लिटरला ५० मि.लि., घालावे. प्लग बसविण्यापूर्वी सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून क्रँक काही वेळा हाताने फिरवावा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत पुष्कळ धूर येईल. सायलेन्सरमध्ये मुरलेले तेल जळत असते. तो कमी होत जावा. दोन-तीन मिनिटांनी एंजिन बंद करून पूर्ण निवू द्यावे, पुन्हा सुरू करावे, असे चार-पाच वेळा करावे आणि मगच रस्त्यावर जावे. पहिले ५०० कि.मी. तिला अर्ध्या जोरावर, सतत एकाच वेगाने न धावू देता चालवावे. मागे कोणी बसू नये. मूठ मिटून लांब उतार उतरू नये, कारण त्या वेळी पेट्रोल थांबते आणि त्याबरोबर वंगणही थांबते. डावा हात क्लचवर तयार असावा. एंजिन धरू लागल्याची पहिली चाहूल, म्हणजे सुरातील एकाएकी आलेला जडपणा, लागताच क्लच दाबता आला तर दट्ट्याही वाचतो आणि चालकही.

५०० कि.मी. झाल्यावर एंजिन थंड असताना सिलिंडरच्या डोक्याचे नट पुन्हा आवळावेत आणि प्लग काढून पाहावा. तो विटकरी किंवा तपकिरी असावा. पांढरा असल्यास जेटकडे व उजव्या सीलकडे लक्ष द्यावे. त्याच वेळी गिअर तेलाची पातळी मोजून वहीत लिहून ठेवावी आणि पुढील ५०० कि.मी.नंतर पुन्हा मोजावी. दोन नोंदींत फरक पडला आणि खाली जमिनीवर तेलाचा डाग नसेल, तर ते तेल डाव्या सीलमधून एंजिनात जात आहे.